पांढरा गणवेश आणि परिचारिकेची ओळख

वाशीम जिल्ह्यात वाशीम-पुसद मार्गावर अनसिंग हे गाव आहे. अशा मोठ्या गावी भोवतालच्या खेड्यांतून आणि तांड्यांतून उपचारासाठी येणाऱ्या माणसापुढे आजाराइतकीच आणखी एक अडचण उभी राहते, ती रुग्णालयातील माणसे ओळखण्याची. तेथे वावरणारी प्रत्येक स्त्री त्याच्या लेखी ‘सिस्टर’ असते आणि पांढरा कोट घातलेला प्रत्येक पुरुष ‘डॉक्टर’. ही गफलत वरवर किरकोळ वाटते. परंतु रक्त चढत असताना रुग्णाला थंडी वाजू लागली आणि ते नातेवाइकांनी भलत्याच व्यक्तीस सांगितले, तर मोलाचा वेळ वाया जातो.

गणवेशामागील हेतू

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या प्रेरणेने १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिका प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले. प्रशिक्षित परिचारिका इतर सेविकांहून वेगळी ओळखता यावी, हा गणवेशामागील एक हेतू होता. भारतातही पांढरा पोशाख आणि टोपी ही परिचारिकेची खूण ठरली. पांढऱ्या कापडावर डाग लपत नसल्याने स्वच्छतेच्या दृष्टीनेही तो रंग सोयीचा होता. कालांतराने टोपी बहुतेक ठिकाणी मागे पडली आणि रंगीत गणवेश आले. आज रुग्णालयागणिक रंग बदलतो. शिवाय पुरुषही परिचारक म्हणून काम करतात. त्यामुळे केवळ रंगावरून ओळख पटेलच असे नाही.

कोणाचे काम कोणते?

शासकीय रुग्णालयात रुग्णाची प्रत्यक्ष शुश्रूषा करते ती अधिपरिचारिका. इंजेक्शन, सलाईन, औषधांच्या वेळा आणि रुग्णाच्या स्थितीची नोंद ही तिची जबाबदारी. कक्षाचा कारभार परिसेविका पाहते, तर मोठ्या रुग्णालयात संपूर्ण परिचर्या विभागाची प्रमुख अधिसेविका असते. उपकेंद्रावरील आरोग्यसेविका लसीकरण आणि माताबालकांची काळजी घेते. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील ‘आशा’ ही गावातील स्वयंसेविका होय. लोक ज्यांना आपुलकीने ‘मामा’ आणि ‘मावशी’ म्हणतात, ते कक्षसेवक व आया रुग्णाला हलवणे, स्वच्छता राखणे अशी अत्यंत आवश्यक कामे करतात. मात्र औषधाविषयी त्यांना विचारणे योग्य नव्हे. प्रयोगशाळा तंत्रज्ञही अनेकदा पांढरा कोट घालतात, हेही ध्यानात ठेवावे.

नाव आणि पद दिसावे

२०२० च्या कोविड साथीत संरक्षक पोशाखाने सर्वांचे चेहरे आणि गणवेश झाकले गेले. तेव्हा अनेक ठिकाणी कर्मचाऱ्यांनी त्या पोशाखावरच पेनाने आपले नाव व पद लिहिले. ओळखीची खरी गरज कशाची असते, हे त्यातून स्पष्ट झाले. रंग ही खूण आहे; ओळख पटते ती नाव व पद दर्शविणाऱ्या पट्टीने.

ही पट्टी मोठ्या मराठी अक्षरांत असावी. प्रवेशद्वारापाशी गणवेशांची चित्रे आणि त्यांपुढे पदनामे असा फलक लावल्यास अक्षरओळख नसलेल्यांचीही सोय होईल. रुग्ण कल्याण समितीवरील पंचायत सदस्यांनी हा विषय बैठकीत मांडावा. शिक्षकांनी एखादा तास यासाठी द्यावा, म्हणजे मुलांमार्फत ही माहिती घरोघरी पोहोचेल. रुग्णानेही ‘आपण कोण?’ असे विचारण्यात संकोच मानू नये. आपली ओळख करून देणे हा परिचर्येचाच भाग आहे आणि ती विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे.