बाळ ‘बा-बा’ करतं तेव्हा

सात-आठ महिन्यांचं बाळ अंथरुणावर एकटंच ‘बा-बा-बा’, ‘दा-दा-दा’ करत पडलेलं असतं. ते रमलंय असं पाहून आपण चार कामं उरकून घेतो. आई-बाबांनो, त्या वेळेबद्दल आज तुमच्याशी बोलायचंय.

त्यासाठी आधी एका पक्ष्याची गोष्ट. झेब्रा फिंच हा ऑस्ट्रेलियातला इवलासा पक्षी. त्याच्यात गातो तो नर. पिल्लू आधी बापाचं गाणं ऐकतं, मग स्वतः अडखळत पुटपुटू लागतं आणि सुमारे 90 दिवसांत त्याचं गाणं पक्कं होतं. पक्ष्यांचे हे पहिले प्रयत्न बाळाच्या बोबड्या बोलांसारखे असतात, असं डार्विननं 1871 मध्येच लिहिलं होतं.

यात आईचं काय काम? ती तर गातच नाही. पण पिल्लाचं गाणं ऐकताना ती मधूनच पिसं फुलवते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी काही पिल्लांना, त्यांचा सूर बापाच्या गाण्याजवळ गेला की लगेच, पिसं फुलवणाऱ्या मादीची चित्रफीत दाखवली. इतर पिल्लांनाही तीच चित्रफीत तितक्याच वेळा दाखवली, पण त्यांच्या गाण्याशी वेळ न जुळवता. पहिल्या पिल्लांनी बापाचं गाणं जास्त हुबेहूब उचललं. हे 2019 मध्ये प्रसिद्ध झालं.

म्हणजे दाद वेळेवर मिळाली, तेच कामाला आलं. त्याआधी, 2003 मध्ये, आठ महिन्यांच्या बाळांबाबतही हेच दिसलं होतं. बाळानं आवाज काढल्याबरोबर आई हसली, जवळ आली, तिनं हात लावला, तर त्याच बैठकीत बाळाचे आवाज बोलण्याच्या जास्त जवळ गेले. मोबाइलवरची बडबडगीतं कितीही गोड असली तरी बाळ काय म्हणालं ते त्यांना कळत नाही. मला त्या गाण्यांबद्दल काळजी वाटते ती एवढ्यासाठीच.

तेव्हा भाजी निवडत असाल तर बाळाला समोर घ्या. ते ‘बा’ म्हणालं की मान वर करा, हसा, ‘हो का रे? बाबा हवेत का?’ असं विचारा आणि थांबा. पुढची पाळी त्याची. आजी-आजोबा हे फार छान करतात, त्यांना करू द्या.

आणि दहा महिने होऊनही बाळ अशी अक्षरं जोडत नसेल, तर ‘मुलगे उशिरानेच बोलतात’ या समजुतीवर विसंबू नका. आधी कान तपासून घ्या. कानाची तपासणी जन्मानंतर लगेचही होते, बाळाला त्रास होत नाही. मुंबईत वांद्र्याला ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथेही ती होते.