स्तनाच्या गाठीतील रक्तवाहिन्या

नांदेडजवळ विष्णुपुरी येथे गोदावरीचे पाणी उचलून कालव्यात सोडले जाते व तेथून ते चाऱ्यांवाटे शेतापर्यंत जाते. आखणी नीट असेल तर शेवटच्या शेतालाही पाणी मिळते. निरोगी शरीरातील रक्तवाहिन्यांची रचना अशीच असते. स्तनातील कर्करोगाच्या गाठीत मात्र ही शिस्त मोडते.

एक-दोन मिलिमीटरची होईपर्यंत गाठ आसपासच्या ऊतींतून झिरपणाऱ्या प्राणवायूवर जगते. पुढील वाढीस तिला स्वतंत्र रक्तपुरवठा लागतो. बोस्टनचे शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये हा विचार मांडला, तेव्हा तो अनेकांना पटला नव्हता. प्राणवायू कमी पडलेल्या पेशी एक प्रथिन स्रवतात आणि त्यामुळे शेजारच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फुटतात. हे फाटे घाईने खोदलेल्या चारीसारखे वेडेवाकडे, कोठे फुगलेले, कोठे मध्येच बंद झालेले आणि गळके असतात. गळतीमुळे गाठीच्या आतील दाब वाढतो. परिणामी शिरेतून दिलेले औषध गाभ्यापर्यंत पुरेसे पोचत नाही. प्राणवायू कमी असलेल्या भागात किरणोपचारही कमी लागू पडतात. याच सैल भिंतींतून कर्कपेशी रक्तात शिरून हाडे, फुप्फुसे व यकृत गाठतात.

हा पुरवठाच तोडावा म्हणून बेव्हासिझुमॅब हे औषध निघाले. स्तनाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत २००८ मध्ये त्यास मिळालेली मान्यता २०११ मध्ये काढून घेण्यात आली. त्याने रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे दिसले नाही, धोके मात्र दिसले.

तेव्हा गाठ लहान असतानाच सापडणे महत्त्वाचे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी एका गटाची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात तशी घट आढळली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. त्यामुळे मुखेड वा औसा तालुक्यातील शेतमजूर स्त्रीला एका दिवसाची मजुरी बुडविण्याचे कारण दिसत नाही. त्यातच सुई लावली की रोग पसरतो, ही भीती. ती निराधार आहे. पसरण्याची वाट गाठीने स्वतःच काढलेली असते, आणि निदान सुईच्या तपासणीविना पक्के होत नाही. तिशीपुढील स्त्रियांची स्तनतपासणी आरोग्य उपकेंद्राच्या कार्यक्रमात समाविष्ट असून पुढील तपासण्यांसाठी नांदेड व लातूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. नांदेडचे महाविद्यालय विष्णुपुरीलाच आहे.