शंकरपाळे मऊ का पडतात?

प्रश्न : माळेगावच्या यात्रेला येणाऱ्या पाहुण्यांसाठी दालचिनी-साखर लावून शंकरपाळे करते, पण दुसऱ्या दिवशी ते मऊ पडतात. काय चुकत असेल?
– एक गृहिणी, लोहा

उत्तर : बहुधा आच. मोठ्या आचेवर शंकरपाळे वरून लगेच लाल होतात, आतला ओलावा मात्र तसाच राहतो. दोन वाट्या मैद्यात पाव वाटी बारीक रवा, चिमूटभर मीठ आणि चार चमचे कडकडीत तुपाचं मोहन घाला. पिठाची मूठ वळली पाहिजे. घट्ट मळून अर्धा तास झाका. मंद आचेवर, बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत तळा. दालचिनी पिठात नको, तळताना करपून कडू लागते. पाव वाटी बारीक साखरेत छोटा चमचाभर दालचिनीपूड मिसळून, निथळलेले शंकरपाळे गरम असतानाच घोळवा. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका.