ज्योत का टिकत नाही?

युरोप-अमेरिकेतील थंड प्रदेशांत खोली उबदार ठेवण्यासाठी पूर्वी भिंतीतील शेगडीत लाकडे वा कोळसा जाळीत. आज अनेक घरांत त्यांची जागा गॅसने घेतली आहे. अशा पुष्कळ शेगड्यांत एक लहानशी ज्योत अखंड तेवत असते. तिला ‘पायलट’ म्हणतात. मुख्य ज्वाला पेटविणे हे तिचे काम. ही ज्योत पेटते, परंतु बटणावरील बोट उचलताच विझते, अशी तक्रार तेथे वारंवार ऐकू येते. तिच्या मुळाशी पदार्थविज्ञानातील एक सुंदर तत्त्व आहे.

१८२१ साली झेबेक या शास्त्रज्ञाला असे आढळले की, दोन भिन्न धातूंचे तुकडे टोकांशी जोडून एक सांधा तापविला व दुसरा थंड ठेवला, तर जवळची चुंबकसूची ढळते. त्याला हा चुंबकीय परिणाम वाटला. वस्तुतः त्या धातूंतून विद्युत्प्रवाह वाहत होता. अशा जोडीस थर्मोकपल म्हणतात. तिचे टोक पायलट ज्योतीत तापत असते. त्यातून मिळणारा विद्युद्दाब अवघा २५ ते ३० मिलिव्होल्ट, म्हणजे टॉर्चमधील सेलच्या सुमारे पन्नासाव्या हिश्श्याइतका! तरीही तेवढ्या बळावर एक लहानसा विद्युच्चुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतो. ज्योत विझली की सांधा निवतो, चुंबकाची पकड सुटते व स्प्रिंगने झडप मिटते. त्यामुळे न जळलेला गॅस खोलीत साचत नाही.

हे ध्यानी आले म्हणजे दोष शोधणे सोपे जाते. प्रथम पाहावे, बटण पुरेसा वेळ दाबले होते काय? सांधा तापण्यास अर्धे ते एक मिनिट लागते. नंतर ज्योतीकडे पाहावे. ती निळी, स्थिर व थर्मोकपलच्या टोकास वेढणारी हवी. ती बारीक वा पिवळी असल्यास छिद्रात धूळ किंवा कोळ्याचे जाळे अडकलेले असू शकते. ज्योत चांगली असूनही टिकत नसेल, तर टोकावरील काजळी, सैल झालेली जोडणी किंवा झिजलेले थर्मोकपल यांचा संशय घ्यावा. दुरुस्ती मात्र जाणत्या कारागिराकडूनच करवावी. गॅसचा वास येत असल्यास पुन्हा पेटविण्याचा यत्न करू नये, विजेचे बटणही दाबू नये. दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे.

धुराडे नसलेल्या काही शेगड्यांत आणखी एक योजना असते. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. बंद खोलीत तो १८ टक्क्यांच्या आसपास उतरला, की ज्योत थर्मोकपलपासून दूर सरते आणि गॅस बंद होतो. अशा वेळी ज्योत विझणे हा बिघाड नसून इशारा असतो. म्हणून झडप दोरीने वा खिळीने अडकवून उघडी ठेवणे, हा जिवाशी खेळ होय.

आपल्याकडील काही गॅस-शेगड्यांतही थर्मोकपलचा हाच पहारा असतो. विद्यार्थी मित्रहो, तांब्याची व लोखंडाची तार, मेणबत्ती आणि प्रयोगशाळेतील गॅल्व्हनोमीटर घेऊन शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग अवश्य करून पाहा. काटा किंचितच हलेल. परंतु तेवढ्याच हालचालीवर कित्येक घरांची सुरक्षितता अवलंबून आहे.