खडकावरचे चार पाकळ्यांचे फूल

मोहरीचे फुललेले शेत आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. क्रुसाच्या आकाराने मांडलेल्या चार पाकळ्या हे त्या कुळाचे ओळखचिन्ह होय. याच कुळातील ‘केंटकी ग्लेड क्रेस’ ही इवलीशी रानवनस्पती अमेरिकेच्या केंटकी राज्यातील जेफरसन व बुलिट या दोनच जिल्ह्यांत निसर्गतः आढळते. तिची फुले पांढरी किंवा फिकट जांभळी असून पाकळ्यांच्या बुडाशी पिवळसर असतात.

चुनखडीच्या जातीचे सपाट खडक जेथे उघडे पडले आहेत व ज्यांवर मातीचा केवळ पातळ थर आहे, असे माळ हे तिचे मूळ निवासस्थान. हिवाळ्यात व वसंतारंभी तेथे ओल असते. उन्हाळ्यात तोच माळ रखरखीत होतो. वनस्पतीने आपला जीवनक्रम या ऋतुचक्राशी जुळवून घेतला आहे. ती शरदात उगवते, जमिनीलगत पसरलेल्या पानांच्या रूपाने हिवाळा काढते, वसंतारंभी फुलते आणि बी पडताच वाळून जाते. कडक उन्हाळा तिचे बी मातीत निद्रिस्त राहून घालविते. उंच गवताच्या किंवा झुडपांच्या सावलीत तिचा निभाव लागत नाही. जमिनीचे दारिद्र्य हेच तिचे संरक्षण होय.

लुईव्हिल शहराच्या विस्तारामुळे हे माळ घरे व रस्ते यांखाली जाऊ लागले. २०१४ साली या वनस्पतीस ‘संकटाधीन’ म्हणून संघराज्याच्या कायद्याचे संरक्षण देण्यात आले. तथापि, १९७३ चा हा कायदा खासगी जमिनीवरील वनस्पतींना प्राण्यांइतके संरक्षण देत नाही, आणि तिची बहुतेक स्थाने खासगी मालकीची आहेत. त्यामुळे तिचे भवितव्य बव्हंशी जमीनमालकांच्या हाती आहे. बी पडण्यापूर्वी गवत न कापणे, माळावर वाहने न नेणे, वाढती झुडपे हटविणे, एवढ्यानेही पुष्कळ साधते.

आपल्या सह्याद्रीतील व कोकणातील सड्यांची घडणही काहीशी अशीच आहे: खडक, पातळ माती, अल्पकाळचे पाणी आणि त्यावर फुलणाऱ्या, अन्यत्र क्वचितच दिसणाऱ्या वनस्पती. महसुली दप्तरात ‘पोटखराबा’ किंवा ‘पडीक’ म्हणून नोंदलेल्या अशा जमिनीवर माती टाकण्यापूर्वी अथवा वृक्षारोपणाचे खड्डे घेण्यापूर्वी ग्रामपंचायतीने एक पावसाळा तेथे काय उगवते ते पाहावे. शाळांतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह ते नोंदवावे. ओसाड दिसणारी प्रत्येक जमीन रिकामी असतेच असे नाही.