बंद केलेला अहवाल खरोखर बंद आहे काय?

कचेरीतून बाहेर जाणारे प्रत्येक पत्र जावक नोंदवहीत चढते. संगणकातून बाहेर पडणाऱ्या संदेशाची अशी नोंद मात्र आपोआप आपल्यासमोर येत नाही. जन्ममृत्यूच्या नोंदी, करआकारणी, लाभार्थ्यांच्या याद्या आज डेटाबेसमध्ये असतात. काही डेटाबेस सॉफ्टवेअरांत वापराचा अहवाल निर्मात्याकडे धाडण्याची सोय असते. ती बंद केली एवढ्यावर समाधान न मानता खात्री करून घेणे अगत्याचे आहे.

इन्फ्लक्सडीबीच्या पहिल्या मालिकेतील आवृत्त्यांची रचना, मनाई केली नसल्यास, दर २४ तासांनी अहवाल पाठविण्याची आहे. त्यात आवृत्ती, डेटाबेसांची संख्या असा तपशील असतो. नोंदींतील मजकूर नसतो. मारियाडीबीत ही सोय मुळात बंद असते. सुरू केल्यास सर्व्हर चालू झाल्यावर काही मिनिटांनी व पुढे आठवड्यातून एकदा अहवाल जातो.

तपासणीसाठी स्वतंत्र संगणक घ्यावा. त्यावर नागरिकांची खरी माहिती ठेवू नये. टीसीपीडंप किंवा वायरशार्क या साधनाने बाहेर जाणारी वाहतूक नोंदवावी. प्रथम अहवालाची सोय मुद्दाम चालू ठेवून संदेश दिसतो काय, हे पाहावे. तो दिसला नाही, तर निरीक्षणाच्या रीतीवर विसंबता येणार नाही. नंतर सोय बंद करून सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करावे आणि अहवालाच्या कालावधीहून अधिक काळ नोंद चालू ठेवावी. आठवड्याने जाणाऱ्या अहवालाबाबत तासाभराच्या शांततेवरून काहीही सिद्ध होत नाही.

दिसलेला प्रत्येक संदेश डेटाबेसचाच असेल असे नाही. घड्याळ जुळविणे, कार्यप्रणाली अद्ययावत करणे यांसाठीही वाहतूक होते. १२७.०.०.१ या पत्त्यावरील संदेश संगणकाबाहेर जात नाही. लिनक्सवर ‘एसएस’ या आज्ञेने चालू जोडणी कोणत्या प्रक्रियेची आहे, हे कळू शकते. संदेश सांकेतिक केलेला असल्यास मजकूर वाचता येत नाही. परंतु पत्ता, वेळ व आकारमान समजते.

याउपर, डेटाबेसच्या सर्व्हरवरून बाहेर जाणारी अनावश्यक वाट फायरवॉलने बंद ठेवावी. नवी आवृत्ती बसविल्यावर तपासणी पुन्हा करून तिचा दिनांक व निष्कर्ष नोंदवहीत लिहावा. नागरिकाने विश्वासाने दिलेली माहिती सांभाळणे, हे दप्तर सांभाळण्याइतकेच कर्तव्य होय.