वाट पाहण्याचा खर्च

पदवीधर तरुणांच्या बेकारीचा एक आकडा पालकांनी नीट वाचायला हवा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी 2024 मध्ये भारतातील रोजगारावर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार 2022 साली पदवीधर तरुणांमध्ये बेकारीचे प्रमाण 29.1 टक्के होते आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये 3.4 टक्के. हे वाचून कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याला वाटेल, पोराला शिकवले तेच चुकले. आकड्याचा अर्थ तसा नाही. ज्याच्या घरी उद्याच्या भाकरीची सोय नाही त्याला बेकार राहणे परवडतच नाही. तो भाताच्या लावणीला जातो, ऊसतोडीला जातो, गवंड्याच्या हाताखाली उभा राहतो आणि पाहणीत त्याची गणना काम असलेल्यांत होते. पदवीधराला घर काही काळ सांभाळून घेते. त्याला शिक्षणाला साजेसे काम हवे असते, आणि ती अपेक्षा रास्त आहे. माझ्या मते या 29 टक्क्यांतला मोठा भाग वाट पाहणाऱ्यांचा आहे. म्हणून आपण विचार करायचा तो या वाट पाहण्याचा: ते किती काळ चालते, त्याचा खर्च कोण उचलते आणि त्यातून हाती काय येते. माझे म्हणणे एवढेच आहे की हा काळ पदवीनंतर घालवण्याऐवजी पदवीच्या शेवटच्या वर्षातच कामाला लावता येतो आणि घरातला जो पैसा मुलाच्या थांबण्यावर खर्च होतो तो त्याच्या बाहेर पडण्यावर खर्च करता येतो.

वाट पाहणे निरुपद्रवी असते हा समज आधी तपासू. कॅनडातल्या एका विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ कोरी क्रॉफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत सुमारे 3,000 जाहिरातींना मिळून 12,000 काल्पनिक अर्ज पाठवले. त्या अर्जांत फरक होता तो प्रामुख्याने उमेदवार किती महिने घरी बसून आहे याचा. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की रिकामे महिने वाढतात तशी मुलाखतीची बोलावणी कमी होत जातात, आणि सर्वांत मोठी घट पहिल्या आठ महिन्यांत होते. अमेरिकेचे इथे काय, असे कोणी म्हणेल. तर तमिळनाडूचे घ्या. तिथल्या सरकारने 2001 ते 2006 या काळात बहुतेक प्रशासकीय पदांची भरती थांबवली होती. अर्थतज्ज्ञ कुणाल मंगल यांनी त्या काळात पदवीधर झालेल्या तरुणांचे पुढे काय झाले ते तपासले. भरती बंद असताना मुले दुसऱ्या कामाकडे वळतील अशी कोणाचीही अपेक्षा असेल. प्रत्यक्षात ती अधिक काळ तयारी करत घरी थांबली, आणि त्या थांबण्याची झळ त्यांच्या पुढच्या कमाईलाही लागल्याचे दिसले. आपल्याकडे 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 पदांसाठी 10 लाखांहून अधिक अर्ज आले. एका जागेमागे दोनशेहून जास्त उमेदवार. यात मुलांच्या मेहनतीत कसूर नाही. अभ्यासिकेत दहा-दहा तास बसणारा मुलगा आळशी नसतो. पण एका जागेवर एकच बसणार, आणि उरलेल्यांना त्या वर्षांच्या बदल्यात दाखवण्यासारखा एकही कागद मिळत नाही, हे गणित त्याच्या मेहनतीने बदलत नाही.

शाहूवाडीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार का होतो, ते तालुक्याचा नकाशाच सांगतो. पश्चिमेला आंबा घाट आणि विशाळगड, मधे मलकापूरची बाजारपेठ, पूर्वेला बांबवडे, उत्तरेला वारणाकाठ. तालुक्यात रोजगार आहे तो साखर कारखाना, दूध संस्था, पतसंस्था, शाळा, दुकाने आणि घाटातले पर्यटन एवढ्यांत. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहती कोल्हापूरच्या आसपास किंवा त्याही पलीकडे. मलकापूरहून एसटीने कोल्हापूर गाठायचे आणि तिथून पुन्हा दुसरी गाडी धरायची. रोज जाऊन-येऊन पहिल्या पाळीची नोकरी होत नाही. सरूड किंवा मलकापूरच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीला घरी राहून पदवी घेता येते, ही मोठीच सोय झाली. पण पदवी गावात आणि काम पन्नास-साठ किलोमीटरवर, अशी या शिक्षणाची रचना आहे. मधला टप्पा कोणी बांधलेला नाही.

पूर्वी तो टप्पा होता. या डोंगराळ पट्ट्यातली माणसे मुंबईच्या गिरण्यांत जात तेव्हा त्यांच्याकडे पदवी नव्हती, पण जाण्याची वाट तयार होती. लालबाग-परळच्या चाळीत गावच्या माणसांची खोली असे, तिथे पथारी टाकायला जागा मिळे. जेवण खानावळवालीकडे महिन्याच्या हिशेबाने. गिरणीत पहिल्या दिवशी कोणी कायम होत नसे. माणूस बदली म्हणून लागे, कोणी गैरहजर असला की त्याच्या जागी साचा (माग) सांभाळे आणि असे करता करता काम शिकून कायम होई. त्या व्यवस्थेत शोषण होते, जॉबरची, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाची, मर्जी होती, ते विसरायचे कारण नाही. तरी राहायला जागा, उधारीवर जेवण आणि हात बसेपर्यंत कच्चे काम ही तीन गोष्टींची साखळी तिच्यात होती. जानेवारी 1982 च्या संपानंतर गिरणधंदा मोडला आणि ही साखळीही तुटली. त्यानंतरच्या पिढ्यांना आपण शाळा-महाविद्यालये दिली; साखळी पुन्हा जोडली नाही.

अशी साखळी बांधणे कोल्हापूरला नवे नाही, याचे मला विशेष वाटते. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी कोल्हापुरात वसतिगृहे उभी करायला सुरुवात केली, कारण शाळा असून भागत नाही, खेड्यातल्या मुलाला शहरात अंग टाकायला जागा लागते, हे त्यांनी ओळखले होते. कुंभोजला जन्मलेले भाऊराव पाटील रयत शिक्षण संस्था काढण्याच्या आधीपासून ओगल्यांच्या काचकारखान्याशी आणि किर्लोस्करांच्या नांगरांच्या विक्रीशी जोडलेले होते. पुढे त्यांच्या संस्थेत ‘कमवा आणि शिका’ हा शिक्षणाचाच भाग झाला, आणि शिवाजी विद्यापीठातही ती योजना आजवर चालत आली आहे. शिकताना काम करणे ही गरिबांची नाइलाजाची तडजोड आहे असे या माणसांनी कधी मानले नाही.

आज हा टप्पा बांधायला साधने उपलब्ध आहेत, पण ती वेळेवर वापरावी लागतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून जो पदवी आराखडा लागू झाला, त्यात सहाव्या सत्रात चार श्रेयांकांचे प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आहे. मुले त्याला ओजेटी म्हणतात. चार श्रेयांक म्हणजे साधारण 120 तास. हे तास ओळखीच्या दुकानाचा शिक्का आणून कागदोपत्री उरकले जाण्याची भीती खरी आहे, आणि तसे झाले तर नुकसान फक्त विद्यार्थ्याचे होते. वाणिज्य शाखेची एखादी मुलगी मलकापुरातल्या कर सल्लागाराकडे खरोखर बसली तर काय घडते ते पाहा. महिन्याच्या 11 तारखेच्या आत व्यापाऱ्यांच्या विक्रीचे जीएसटी विवरण जायला हवे आणि 20 तारखेच्या आत कर भरून दुसरे विवरण. दहा तारखेला संध्याकाळी एका खतविक्रेत्याची बिले पिशवीतून येतात. त्यांतल्या दोन बिलांवरचे जीएसटी क्रमांक चुकलेले असतात, एका बिलावर कराचा दर वेगळाच लागलेला असतो. फोन करून ते दुरुस्त करून घ्यायचे, टॅली या हिशेबाच्या संगणकप्रणालीत चढवायचे आणि मुदत गाठायची. वर्गात याच कराचे प्रकरण दहा गुणांना असते. इथे तिला मुदत म्हणजे काय, चूक कोणाच्या खिशाला लागते आणि गिऱ्हाइकाशी कसे बोलायचे, हे एकाच आठवड्यात कळते. पुढे मुलाखतीत सांगायला तिच्याकडे काहीतरी असते.

विज्ञान शाखेलाही हेच लागू आहे. रसायनशास्त्र घेतलेला मुलगा शिक्षक किंवा औषध कंपनी यापलीकडे विचार करत नाही. पण कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना रसायनशास्त्र कळणारी माणसे लागतात. साच्याच्या वाळूत ओलावा किती, तिच्यातून वायू किती सहज निघतो, ती दाब किती सोसते, हे पाळीगणिक तपासावे लागते. भट्टीतल्या वितळलेल्या धातूचा नमुना स्पेक्ट्रोमीटरवर ठेवून कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक यांचे प्रमाण पाहिल्यावरच धातू साच्यात ओतायचा निर्णय होतो. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत हंगामभर रसाचे ब्रिक्स (विरघळलेले घटक) आणि पोल (साखरेचे प्रमाण) मोजले जातात. तिथे गोडी लागली तर पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये साखर तंत्रज्ञानाचे पुढचे शिक्षण आहे. ही कामे मोठ्या जाहिरातींत दिसत नाहीत. ती दाराशी जाऊन विचारल्यावर कळतात, आणि विचारायला जाण्याचे वय एकोणीस-वीस हेच.

पदवीनंतरच्या टप्प्यासाठी 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याची वाट आहे. ती फक्त आयटीआयवाल्यांसाठी आहे असा सार्वत्रिक गैरसमज दिसतो. आता कला, वाणिज्य आणि विज्ञान पदवीधरांनाही केंद्राच्या राष्ट्रीय योजनेतून शिकाऊ उमेदवारी मिळते. करार नोंदवलेला असतो, विद्यावेतन ठरलेले असते, 2019 च्या नियमांत पदवीधरांसाठी ते किमान 9,000 रुपये होते, आणि शेवटी प्रमाणपत्र मिळते. बँकाही असे पदवीधर घेतात. स्टेट बँकेत त्यासाठी स्थानिक भाषा येणे आवश्यक असते, म्हणजे मराठीतून शिकल्याचा इथे फायदाच. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 मध्ये आली. तिच्यात पदवीधराला महिना 10,000 रुपये ठरले होते. सहा महिन्यांची मुदत पुढे पाच महिन्यांनी वाढवली गेली, आणि मुदत संपल्यावर कायम करा अशी मागणी प्रशिक्षणार्थींनी केली. ती मागणी समजण्यासारखी आहे, पण योजनेत कायम नोकरीचे वचन नव्हते. कार्यालयात बसलो म्हणजे सरकारी झालो, अशी आशा लावून घेतली तर तेही पुन्हा वाट पाहणेच ठरते.

यावरचे आक्षेप मी हलके मानत नाही. पहिला असा की प्रशिक्षणाच्या नावाखाली मुलांना फुकट राबवून घेतात. हे होते. म्हणून लेखी पत्र, ठरलेला कालावधी, विद्यावेतन आणि काय शिकवणार याचा स्पष्ट उल्लेख, यांवर अडून बसावे. सहा महिने झेरॉक्स आणि चहा यापलीकडे काही दिले जात नसेल तर सोडावे, त्यात कमीपणा नाही. नोकरी असेल तर वेतनपावती मागावी. भविष्य निर्वाह निधीसाठी मूळ पगारातून 12 टक्के कापले जात असतील तर तेवढाच वाटा मालकानेही द्यायचा असतो, आणि पगार 21,000 पर्यंत असेल तर, लागू असलेल्या आस्थापनेत, कर्मचारी राज्य विम्याचे संरक्षण मिळते. ‘हातात किती’ एवढेच विचारून परतणाऱ्या पालकांचे हे विचारायचे राहून जाते.

दुसरा आक्षेप घराघरांत ऐकू येतो: बारा-चौदा हजारांसाठी एवढे शिकवले काय? समजा पगार 14,000 आहे. तिघांत मिळून खोली घेतली, मेस लावली, जाणे-येणे धरले, तर सात-आठ हजार तिथेच जातील. शिल्लक फारशी नाही, हे मान्य. पण पुण्यात अभ्यासिका, खोली आणि क्लासला ठेवायचे तर त्याहून जास्त रक्कम घरून दरमहा जाते, आणि ती वर्षानुवर्षे पाठवायला हेच घर तयार असते. मग पहिल्या नोकरीच्या खोलीचे डिपॉझिट आणि सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांची मेस घराने का उचलू नये? मुलीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. तिला नोकरी मिळूनही ती जात नाही, कारण राहायचे कुठे आणि कोणासोबत याचे उत्तर घरात कोणी शोधलेले नसते. ते उत्तर तिच्या शेवटच्या वर्षातच शोधायला हवे. वसतिगृहांची चौकशी करावी, गावातल्या आणखी दोघी-तिघींची सोबत जुळवावी. एकदा ऑफर हातात आल्यावर आठ दिवसांत हे जमत नाही आणि संधी जाते.

सरकारी नोकरीचा ध्यास सोडा असे मी म्हणणार नाही. स्थैर्य, निवृत्तीची सोय आणि गावातली प्रतिष्ठा यांची किंमत शेतीच्या अनिश्चिततेत वाढलेल्या माणसाला नेमकी ठाऊक असते. पोलीस भरतीत खुल्या प्रवर्गाला वयाची अट 28 आहे, तिथे शरीर आणि वेळ दोन्ही लवकर लावावे लागतात. पण राज्यसेवेसाठी खुल्या प्रवर्गाची मर्यादा 38 वर्षे आणि मागासवर्गीयांसाठी 43. म्हणजे बाविसाव्या वर्षी नोकरी धरली म्हणून ते दार बंद होत नाही. दोन प्रयत्न पूर्ण वेळ द्यावेत, तारीख घरात सर्वांसमोर ठरवावी, आणि त्यानंतर परीक्षा नोकरीसोबत चालू ठेवावी. संध्याकाळचे तीन तास पुरत नाहीत हे खरे. पण पोटापाण्याची धास्ती नसलेल्या माणसाचे तीन तास अधिक स्थिर असतात.

पहिलीच नोकरी हलकी लागली तर आयुष्यभराचा शिक्का बसेल, ही भीती पालकांना सर्वांत जास्त छळते. मंदीच्या काळात पदवीधर झालेल्या कॅनडातल्या तरुणांचा ओरिओपूलोस, फॉन वाख्टर आणि हाइस या तिघांनी अनेक वर्षे मागोवा घेतला. 2012 मध्ये त्यांनी तो मांडला. सुरुवातीला या तरुणांची कमाई इतरांपेक्षा सुमारे 9 टक्के कमी होती. ती तूट पाच वर्षांत निम्म्यावर आली आणि दहा वर्षांत जवळजवळ मिटली. भरपाई झाली ती मुख्यत्वे चांगल्या कंपन्यांकडे सरकत गेल्यामुळे. लहान फाउंड्रीत वाळू तपासणारा तीन वर्षांनी मोठ्या फाउंड्रीच्या गुणवत्ता विभागात जातो, कर सल्लागाराकडे बसलेली मुलगी सहकारी बँकेच्या परीक्षेत हिशेबाच्या प्रश्नांना अडखळत नाही. सरकायला मात्र आधी कुठेतरी उभे असावे लागते.

म्हणून तिसऱ्या वर्षाचा प्रवेश घेतानाच महाविद्यालयात जाऊन विचारा: ओजेटीसाठी कोणकोणत्या आस्थापनांशी करार झाले आहेत, गेल्या तुकडीतली मुले कुठे लागली, शिकाऊ उमेदवारीची नोंदणी कोण करून देते, आणि दिवाळीच्या सुटीत मुलाला कोल्हापुरात पंधरा दिवस काम पाहायला पाठवायचे तर कोणत्या प्राध्यापकांना भेटायचे. प्रवेशाच्या रांगेत फी किती हे सगळेच विचारतात. हे चार प्रश्न दहा पालकांनी एकाच आठवड्यात विचारले, तर पुढच्या वर्षी महाविद्यालयाला त्यांची उत्तरे तयार ठेवावी लागतील.